दिवेलागणीची वीज आणि तारापूरची भट्टी

"मॅडम, तारापूर फुटलं तर आपलं काय होईल?"

बारावीला अणुकेंद्राचा धडा सुरू झाला की हा प्रश्न दरवर्षी येतो. मी पालघर जिल्ह्यात फिजिक्स शिकवते. वर्गातल्या कुणाचे वडील बोईसरच्या एमआयडीसीत आहेत, कुणाचे मासेमारीला जातात, एखाद्याचे प्रकल्पातच नोकरीला असतात. लहानपणापासून ही मुलं तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं नाव ऐकत आली आहेत, पण त्या भिंतीपलीकडे नेमकं काय चालतं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवते आणि आधी त्यांच्या प्रश्नाला उत्तर देते. मग माझा एक प्रश्न विचारते: तारापूर उद्यापासून कायमचं बंद केलं, तर तेवढी वीज कशातून काढायची?

हा लेख म्हणजे त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं, वर्गातल्यापेक्षा थोडी सविस्तर.

भट्टीत काय जळतं?

खरं तर काहीच जळत नाही. पण बाकी सगळी रचना चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रासारखीच आहे. पाणी तापवायचं, त्याची वाफ करायची, वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज काढायची. चंद्रपुरात पाणी कोळशाने तापतं, तारापुरात युरेनियमने. फरक फक्त चुलीचा.

युरेनियमचं अणुकेंद्र फार मोठं आणि म्हणूनच डळमळीत असतं. त्याच्या एका प्रकारावर, युरेनियम-235 वर, बाहेरून एक न्यूट्रॉन येऊन पडला की केंद्राचे दोन तुकडे होतात. यालाच विखंडन म्हणतात. तुकडे प्रचंड वेगाने दूर फेकले जातात आणि आजूबाजूच्या अणूंना धडकून थांबतात. त्या धडकांमधून उष्णता तयार होते. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, त्यातला एखादा पुढचं केंद्र फोडतो आणि साखळी चालू राहते.

आता एक गंमत. वेगाने धावणाऱ्या न्यूट्रॉनपेक्षा सावकाश चालणारा न्यूट्रॉन केंद्र फोडायला जास्त उपयोगी पडतो. मुलांना मी कॅरमचं उदाहरण देते. जोरात मारलेली सोंगटी पॉकेटच्या कडांना आपटून बाहेर येते, हलक्या हाताने मारलेली अलगद आत जाते. न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी भट्टीत जे द्रव्य ठेवतात त्याला मंदायक म्हणतात. आपल्या बहुतेक भट्ट्यांमध्ये मंदायक म्हणून जड पाणी असतं. त्यातला हायड्रोजन नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा असतो. जड पाणी न्यूट्रॉनला थोपवतं पण गिळत नाही, त्यामुळे खाणीतून निघालेलं नैसर्गिक युरेनियम तसंच्या तसं वापरता येतं. त्यात युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असतं, तरी भागतं.

एक किलो युरेनियम मुठीत मावतं. जड पाण्याच्या भट्टीत त्यातून साधारण 50 हजार युनिट वीज निघते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या चाळीस घरांची ही वर्षभराची वीज झाली. तेवढीच वीज आपल्याकडच्या कोळशातून काढायची तर 33-35 टन कोळसा लागतो. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या एका भट्टीचा हिशेब करून पाहू. वर्षातला 85 टक्के वेळ ती पूर्ण क्षमतेने चालली, तर सुमारे 400 कोटी युनिट होतात. त्यासाठी युरेनियम लागतं 80 टन. कोळसा लागला असता 26-27 लाख टन, आणि त्यातून 35 लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता.

ती बॉम्बसारखी का फुटत नाही

बॉम्बमध्ये युरेनियम-235 चं प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास असावं लागतं. भट्टीत ते 0.7 टक्के, आणि जिथे थोडं समृद्ध केलेलं इंधन वापरतात तिथेही पाच टक्क्यांच्या आत. ओल्या लाकडाच्या ढिगाला काडी लावून दारूगोळ्याचा स्फोट होत नाही, तसंच हे. साखळी थांबवायची झाली तर न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या भट्टीत सोडतात आणि काही सेकंदांत विखंडन बंद पडतं.

पण इथे थांबून मुलांना "घाबरू नका" म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. भट्टीचा खरा धोका पुढे आहे आणि तो समजायला फिजिक्सची पदवी लागत नाही. ज्याने चूल पाहिली आहे त्याला तो कळतो. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात. विखंडनातून तयार झालेले तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात आणि भट्टी बंद केल्यावरही उष्णता सोडत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. टक्केवारी छोटी वाटेल. पण 540 मेगावॅट वीज देणारी भट्टी सुमारे 1,700 मेगावॅट उष्णता तयार करते, आणि त्याचे सहा टक्के म्हणजे 100 मेगावॅट. म्हणून बंद भट्टीतूनही पाणी खेळतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं तर इंधन स्वतःच्याच धगीने वितळतं.

जपानमध्ये फुकुशिमाला 11 मार्च 2011 रोजी हेच झालं. 9 तीव्रतेचा भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या, जशा पडायला हव्या होत्या. बाहेरून येणारी वीज तुटली तशी डिझेल जनित्रं सुरू झाली. मग साधारण 14 मीटर उंचीची त्सुनामीची लाट संरक्षक भिंतीवरून आत आली आणि जनित्रं पाण्याखाली गेली. पंप थांबले, निखारे धुमसत राहिले, आणि तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. इंधनावरच्या जास्त तापलेल्या धातूच्या आवरणाची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला. टीव्हीवर आपण पाहिलेले स्फोट या हायड्रोजनचे होते.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. 26 एप्रिल 1986 च्या रात्री तिथे एक चाचणी चालू होती आणि त्यासाठी सुरक्षा यंत्रणा बंद ठेवल्या होत्या. भट्टीची रचनाच अशी होती की विशिष्ट परिस्थितीत पाण्याची वाफ वाढली की शक्ती आणखी वाढत जायची. वर भक्कम काँक्रीटचा घुमटही नव्हता. स्फोटात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तीव्र किरणोत्साराने मिळून तीसच्या आसपास माणसं गेली. दीर्घकालीन कर्करोगाच्या मृत्यूंबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये सर्वाधिक बाधित लोकांसाठी चार हजारांपर्यंतचा अंदाज दिला होता. त्यावर आजही वाद आहेत.

फुकुशिमात किरणोत्सारामुळे झालेला एक मृत्यू जपान सरकारने मान्य केला. मात्र घाईघाईने गावं रिकामी करताना आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत दोन हजारांहून अधिक लोक दगावले. त्यात बहुतेक वृद्ध, रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवलेले. हा आकडा मला किरणोत्साराच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. कारण त्यातले कित्येक जीव बऱ्या नियोजनाने वाचले असते.

तुलना केली तर चित्र असं दिसतं. एवढे अपघात धरूनही, तेवढीच वीज बनवताना कोळशामुळे होणारे मृत्यू अणुवीजेच्या शेकडो पट आहेत. खाणीतले अपघात, धूर, हवेतले सूक्ष्म कण. कोळशाचा बळी रोज थोडा थोडा जातो आणि त्याची बातमी होत नाही. चंद्रपूरला राहणाऱ्या माणसाला हे मी सांगायची गरज नाही.

किरणोत्साराच्या भीतीबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते. आपण सगळेच जमिनीतून, खडकांतून, अवकाशातून येणारा किरणोत्सार घेत असतो. त्याची जागतिक सरासरी वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट आहे (मिलिसीव्हर्ट हे शरीराला मिळणारी मात्रा मोजायचं एकक). एका सीटी स्कॅनमध्ये कित्येकदा याच्या दुप्पट-तिप्पट मात्रा मिळते. अणुप्रकल्पामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये असा आपल्याकडचा नियम आहे. आणि अमेरिकेला जाणारा आपला हापूस 2007 पासून लासलगावच्या केंद्रात गॅमा किरण देऊनच पाठवायला सुरुवात झाली. तो आंबा खाणारा माणूस किरणोत्सारी होत नाही, फक्त आंब्यातली कीड निकामी होते.

पाऊस आणि विहीर

आता माझ्या प्रश्नाकडे येते: तारापूर बंद केलं तर वीज कशातून काढायची? मुलं एका सुरात म्हणतात, "सोलर!"

त्यांचं चुकत नाही. सौर वीज आज आपल्याकडची सर्वांत स्वस्त नवी वीज आहे. लिलावात युनिटला अडीच रुपयांच्या आसपास दर येतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागली आहे, आणि ज्याने बिबट्याच्या भीतीत रात्री दोन वाजता उसाला पाणी दिलं आहे त्याला विचारा या दिवसाच्या विजेची किंमत. सौर ऊर्जेबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जितकी लावता येईल तितकी लावावी.

अडचण दिवेलागणीला सुरू होते. सात वाजता सूर्य नसतो, पण घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात. उन्हाळ्यात एसी रात्रभर चालतात. लोकल चालू, रुग्णालयं चालू, पोलादाच्या भट्ट्या चालू. वीज ही पाण्यासारखी टाकीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरायची त्या क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते किंवा आधी दुसऱ्या रूपात साठवलेली असावी लागते.

आपल्या दुष्काळी तालुक्यातलं शेत डोळ्यांसमोर आणा. पाऊस भरपूर आणि फुकट, पण त्याच्या मर्जीने. विहीर खणायला पैसा जातो, वर्षं जातात, पण एकदा लागली की बारा महिने पाणी देते. शहाणा शेतकरी पावसावर पेरणी करतो, शेततळं बांधतो आणि विहीरही राखतो. आणि विहीर नसेल तर उन्हाळ्यात टँकर बोलावतो. वीजजाळ्यात सौर आणि पवन म्हणजे पाऊस, बॅटरी आणि धरणं म्हणजे शेततळं, अणुभट्टी म्हणजे विहीर. कोळसा हा आपला टँकर आहे. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही त्याच टँकरने येते.

विहिरीचं पाणी किती भरवशाचं असू शकतं याचं उदाहरण कारवारजवळ आहे, गोव्याच्या सीमेपासून फार लांब नाही. कैगाची पहिली भट्टी 2016 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाली ती 31 डिसेंबर 2018 पर्यंत एकदाही न थांबता 962 दिवस चालली. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. हे शक्य झालं त्याला एक कारण जड पाण्याच्या भट्टीची रचना. चालू भट्टीतच एका बाजूने नवं इंधन सरकवायचं आणि दुसऱ्या बाजूने वापरलेलं काढून घ्यायचं.

कार्बनच्या बाबतीतही अणुवीज पहिल्या रांगेत आहे. खाणीपासून बांधकामापर्यंत आणि शेवटी पाडकामापर्यंत सगळं धरलं, तर हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2014 च्या आकडेवारीत अणुवीजेचा मध्यम आकडा युनिटमागे 12 ग्रॅम आहे. मोठ्या सौर प्रकल्पांचा 48, वायूचा 490, कोळशाचा 820. सौर पॅनेल बनवण्याच्या पद्धती त्यानंतर सुधारल्या, तेव्हा त्यांचा आकडा आता आणखी खाली असणार.

जागेचंही बघा. 1,000 मेगावॅटची अणुभट्टी वर्षभरात जेवढी वीज देते तेवढी सौर पॅनेलमधून काढायला 4,200 मेगावॅटहून जास्त पॅनेल लागतात, कारण रात्र आणि ढग धरून पॅनेल वर्षभरात क्षमतेच्या वीस टक्क्यांच्या आसपासच देतात. मेगावॅटला चार ते पाच एकर धरले तर 17 ते 21 हजार एकर. माळरानं आपल्याकडे आहेत, पण तीही कुणाची तरी चराऊ जमीन असते.

मग शेततळं मोठं केलं तर? म्हणजे साठवण वाढवली तर? हा सर्वांत कडक सवाल आहे आणि अणुवीजेच्या समर्थकांनी तो टाळू नये. बॅटरी झपाट्याने स्वस्त होत आहेत. दोन-चार तासांच्या साठवणीसह सौर विजेचे लिलाव साडेतीन रुपयांच्या आसपास किंवा त्याखाली आले आहेत. सह्याद्रीत तर उदंचन प्रकल्पांना जणू निसर्गानेच जागा करून ठेवली आहे: वर एक तलाव, खाली एक, दिवसाच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची. घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. दिवेलागणीपासून दहा-अकरापर्यंतचा भार साठवणीवर काढता येईल, असं मला वाटतं, आणि तो अणुवीजेपेक्षा स्वस्तात निघेल.

पण जुलैतले सलग आठ दिवस ढग? त्या काळात साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या जोरात फिरतात, तो आधार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र वारा पडतो आणि रात्र मोठी होत जाते. दिवस-रात्रीची दरी बॅटरी भरून काढते. आठवड्यांची आणि ऋतूंची दरी भरायला लागणाऱ्या बॅटरींचा खर्च आज आवाक्यात नाही. इथेच विहीर लागते. जाळ्यातली सगळी वीज तिने द्यावी अशी अपेक्षा नाही. शेवटची वीस-पंचवीस टक्के वीज, जी सूर्य-वाऱ्याने मिळवणं सर्वांत महाग पडतं, ती अणुभट्टीने द्यावी. स्वच्छ विजेच्या भविष्यात तिची जागा मला एवढी आणि इथे दिसते.

फ्रान्स आणि जर्मनीकडे बघितलं की हे स्पष्ट होतं. 1973 च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने भट्ट्यांचा सपाटा लावला आणि आज तिथली जवळपास दोन तृतीयांश वीज अणूची आहे. जर्मनीने सौर आणि पवनवर अफाट काम केलं, त्याचं कौतुकच आहे. पण 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा तिथली कोळशाची केंद्रं चालूच होती. युनिटमागचा जर्मन कार्बन फ्रान्सच्या कित्येक पट आहे. चांगल्या चालणाऱ्या भट्ट्या कोळशाच्या आधी बंद करणं ही चूक होती, असं माझं ठाम मत आहे.

विहीर खणायला लागणारी वर्षं

आता अणुवीजेची सर्वांत दुखरी बाजू. किरणोत्सार किंवा कचरा नव्हे. वेळ.

फिनलंडमध्ये ओल्किलुओटो येथे ईपीआर या फ्रेंच बनावटीच्या भट्टीचं बांधकाम 2005 मध्ये सुरू झालं. नियमित वीज मिळू लागली 2023 मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला हीच भट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल प्रकल्पाच्या दोन नव्या भट्ट्यांचा खर्च 30 अब्ज डॉलरच्या पुढे गेला, मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक. आपलंही काही वेगळं नाही. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं काम 2010 मध्ये सुरू झालं आणि व्यावसायिक उत्पादन 2023 मध्ये.

घर बांधायला कर्ज काढलेल्या कुणालाही यातली मेख कळेल. अणुप्रकल्पात इंधनाचा खर्च किरकोळ असतो, जवळपास सगळा पैसा बांधकामातच जातो आणि तो कर्जाऊ असतो. बांधकाम पाच वर्षांऐवजी तेरा वर्षं चाललं तर एक युनिटही विकण्याआधी व्याजाचा डोंगर उभा राहतो, आणि तो शेवटी आपल्या बिलात येतो. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांची वीज स्वस्त होती कारण त्यांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं.

म्हणूनच जैतापूरबद्दल मी साशंक आहे. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर सहा ईपीआर भट्ट्या, मूळ आराखड्यात प्रत्येकी 1,650 मेगावॅट, एकूण 9,900 मेगावॅट. डिसेंबर 2010 मध्ये प्राथमिक करार झाला. एप्रिल 2011 मध्ये, फुकुशिमाला जेमतेम सव्वा महिना झाला होता तोच, आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक जण मारला गेला. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न तेव्हाही साधा होता: समुद्राचं पाणी आत घेऊन काही अंशांनी गरम करून परत सोडणार, मग आमच्या माशांचं काय? या प्रश्नाला "तुम्हाला विज्ञान कळत नाही" हे उत्तर असू शकत नाही. इतक्या वर्षांनंतर भट्टी उभी नाही आणि अविश्वास मात्र उभा आहे. ज्या बनावटीच्या भट्टीने युरोपात असा वेळ घेतला, तीच सहा-सहा घेऊन कोकणात बसवण्यापेक्षा आपल्याला जे बांधता येतं ते आपण जास्त वेगाने बांधावं.

आणि आपल्याला बांधता येतं. 700 मेगावॅटची जड पाण्याची भट्टी हे पूर्णपणे देशी काम आहे. तीत वीज गेली तरी गुरुत्वाकर्षणाच्या आणि नैसर्गिक अभिसरणाच्या जोरावर निखारे थंड ठेवण्याची सोय आहे, म्हणजे फुकुशिमात जे घडलं त्यावरचा उपाय रचनेतच आहे. 2017 मध्ये केंद्र सरकारने अशा दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. एकच नकाशा पुन्हा पुन्हा बांधला की हात बसतो, खर्च उतरतो. फ्रान्सने सत्तर-ऐंशीच्या दशकात हेच केलं होतं.

छोट्या भट्ट्यांची सध्या फार चर्चा आहे. कारखान्यात बनवायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या, ही कल्पना आकर्षक आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात त्यांच्या संशोधनासाठी 20 हजार कोटी रुपये आणि 2033 पर्यंत किमान पाच देशी छोट्या भट्ट्या असं लक्ष्य ठेवलं आहे. रशिया आणि चीनमध्ये एखाददुसरी चालू आहे, तर अमेरिकेतला एक गाजलेला प्रकल्प खर्च वाढल्याने 2023 मध्ये गुंडाळावा लागला. पोलाद आणि सिमेंट कारखान्यांशेजारी कोळशाच्या जागी त्या उपयोगी पडतील. पण चार उभ्या राहून चालेपर्यंत त्यांच्या भरवशावर बाकीची कामं अडवू नयेत.

खोलीभर कचरा, हजारो वर्षं

540 मेगावॅटच्या त्याच भट्टीतून वर्षाला 80 टन वापरलेलं इंधन निघतं. घनतेमुळे ते एका खोलीत मावेल. तेवढ्या विजेसाठी कोळसा जाळला असता तर नऊ लाख टनांच्या आसपास राख निघाली असती. पण तुलना इथे थांबवली तर ती लबाडी होईल, कारण त्या खोलीतल्या काही मूलद्रव्यांचा किरणोत्सार हजारो वर्षं टिकतो. भट्टीत युरेनियमपासून तयार होणारं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायला 24 हजार वर्षं लागतात.

आपल्याकडे वापरलेलं इंधन फेकायचं नाही असं धोरण आहे. तारापूर, मुंबईतलं ट्रॉम्बे आणि तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला त्यावर प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढतात, आणि राहिलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. काच पाण्यात विरघळत नाही, म्हणून काच. दीर्घायुषी प्लुटोनियम निघून गेल्यामुळे या कचऱ्याची तीव्रता काही शतकांत बरीच उतरते. तरी शेवटी कुठेतरी खोल पुरावंच लागेल. फिनलंडने ओल्किलुओटोजवळ 400 मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात बोगदे खोदले आहेत. आपण अशी जागा अजून ठरवलेली नाही, आणि 2047 पर्यंत अणुवीजेचं 100 गिगावॅटचं (एक गिगावॅट म्हणजे 1,000 मेगावॅट) लक्ष्य ठेवणाऱ्या देशाने तो विषय पुढच्या पिढीवर ढकलू नये. आज आपली क्षमता 9 गिगावॅटच्या आसपास आहे आणि देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात. अकरा पट वाढायचं तर कचराही वाढणार.

प्लुटोनियम वेगळं काढण्यामागे होमी भाभांची योजना आहे. आपल्याकडे युरेनियम कमी, थोरियम भरपूर, मुख्यतः केरळ आणि पूर्व किनाऱ्याच्या वाळूत. थोरियम थेट पेटत नाही. आधी जड पाण्याच्या भट्ट्या, त्यांच्या प्लुटोनियमवर, न्यूट्रॉनचा वेग कमी न करता चालणाऱ्या द्रुतगती भट्ट्या आणि शेवटी थोरियम, असे तीन टप्पे भाभांनी आखले. कल्पाक्कमच्या 500 मेगावॅटच्या द्रुतगती भट्टीचं काम 2004 मध्ये सुरू झालं आणि तिने सगळ्यांच्याच संयमाची परीक्षा पाहिली आहे. परावलंबनाची किंमत काय असते हे मात्र तारापूरने दाखवलं. 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेकडून आलेल्या आणि इंधनही अमेरिकेचं. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा आधी अडला, मग थांबला. पुढे फ्रान्स, चीन, रशिया असं दार ठोठावत त्या चालवाव्या लागल्या.

पोफरण, अक्करपट्टी

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली. शेती होती, मासेमारी होती. पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालले. वर्गात या गावांची नावं मी आवर्जून घेते, कारण अणुवीजेच्या लेखांमध्ये ग्रॅम आणि गिगावॅट असतात, पण ही नावं नसतात. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रात्रभर दिवा टिकेल याची खात्री नाही. देशातला पहिला अणुवीज प्रकल्प इथून किती जवळ आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला. खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या स्वायत्ततेवर महालेखापालांनीही 2012 मध्ये बोट ठेवलं होतं, तेव्हा हे पाऊल हवंच होतं. आता मंडळाने आपले तपासणी अहवाल मराठीत, प्रकल्पाशेजारच्या ग्रामपंचायतींत वाचून दाखवावेत. किरणोत्साराच्या रोजच्या नोंदी बोईसरच्या बसस्थानकावर लावाव्यात. समुद्राच्या पाण्याचं तापमान मच्छीमार सोसायटीने स्वतः मोजावं, साधन सरकारने द्यावं.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. त्यांचं वय पन्नाशीपलीकडचं आहे. आज ना उद्या त्या कायमच्या निवृत्त होतील. तिथे समुद्र आहे, उच्चदाबाच्या तारा आहेत, उपकेंद्र आहे, दोन पिढ्या शिकलेली माणसं आहेत. नवी 700 मेगावॅटची जोडी कुठे बांधावी असं मला विचारलं, तर नव्या गावाला हात न लावता ती इथेच बांधावी, असं मी म्हणेन. आणि त्या कामाचा पहिला दगड ठेवण्याआधी पोफरण-अक्करपट्टीच्या शेवटच्या घराचा हिशेब चुकता करावा.